जुळ्या नौकेचा सौदा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणिसांनी आम्हां उभयतांना बोलण्याचा आग्रह केला तेव्हा आम्ही विचारले, एक जुनी नौका विकल्याच्या हकिकतीत कोणाला रस वाटणार? ते म्हणाले, चेन्नईत राहून कॅटमरानविषयी बोलायचे नाही, तर कोठे बोलायचे? त्यांचे म्हणणे आम्हांस मान्य करावे लागले. हा शब्दच मुळी या किनाऱ्याचा आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. ओंडके दोरखंडाने बांधून केलेले ते तराफे येथील वाळूवर आपल्यापैकी जुन्या मंडळींनी पाहिलेले आहेत. इंग्रजांनी शब्द उचलला आणि पुढे तो भलत्याच वस्तूला चिकटला. दोन अरुंद होड्या समांतर ठेवून वर पूल बांधावा, त्या पुलावर घर करावे, अशी ती वस्तू. नॅथनेल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाशिल्प्याने १८७६ साली अशी जुळी नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरवली, तेव्हा तिने इतरांना इतके मागे टाकले की पुढे अशा नौकांना शर्यतीचे दारच बंद झाले. नाव मात्र आपल्या शेजारच्या कोळ्यांचे राहिले.

आमची नौका फ्रान्समध्ये २००४ साली बांधलेली. लांबी अडतीस फूट, रुंदी एकवीस. आमच्यापैकी एकाचे आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनघरात गेले आणि दुसरीचे त्याची वाट पाहण्यात. तेव्हा निवृत्तीनंतर समुद्र एकत्र पाहावा म्हणून २०१४ साली आम्ही ती मलेशियातील लंकावी बेटावर विकत घेतली. जकातमुक्त बेट असल्यामुळे तेथे जुन्या नौकांची खरेदी-विक्री बरीच चालते. हिवाळ्याचे चार महिने तेथे, उरलेले आठ येथे, असा आमचा क्रम होता. पुढे गुडघे कुरकुरू लागले, आणि शिडाच्या दोऱ्या ओढताना एकमेकांकडे पाहण्याची वेळ आली. २०२२ साली विकण्याचे ठरले.

विकणाऱ्याची एक ठाम समजूत असते की नौकेवर केलेला खर्च किमतीत परत मिळतो. आमचीही होती. २०१९ साली आम्ही डोलकाठीला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा बदलल्या, नवीन शिडे शिवून घेतली, शिशाच्या जुन्या बॅटऱ्या काढून लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बसविल्या आणि मागच्या बाजूस सौर तक्त्यांची चौकट उभारली. खर्चाची बेरीज करून ती किमतीत मिळविली, तेव्हा दलाल हसला. तारा नव्या असल्या म्हणून कोणी जास्त पैसे देत नाही. जुन्या असल्या तर मात्र विमा कंपनी हरकत घेते आणि गिऱ्हाईक पाठ फिरवते. खर्चाने किंमत वाढत नाही, आक्षेप कमी होतो. हे गणित घर विकणाऱ्यांसही ठाऊक असेल.

बॅटऱ्यांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण प्रत्येक गिऱ्हाईक प्रथम तेच विचारीत असे. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरू दिली तर तिचे आयुष्य घटते. लिथियमची बरीच खोलवर वापरता येते आणि वजनाला हलकी असते. जुळ्या नौकेला वजन मानवत नाही, म्हणून हा लाभ मोठा. पण ही बॅटरी भरताना इतका प्रवाह ओढते की इंजिनावरचा साधा अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये नियंत्रक हवाच. आम्ही तो बसविला होता आणि त्याची पावतीही जपली होती. जेथे पावती होती तेथे प्रश्न उरला नाही.

प्रश्न उरला तो सौर चौकटीचा. नौकेचे डेक म्हणजे फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकडाचा गाभा. त्यात बोल्ट घालायचा असेल तर छिद्राभोवतीचा गाभा कोरून तेथे इपॉक्सी भरावी, ती वाळल्यावर तिच्यातून नवे छिद्र पाडावे, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. कारागिराला घाई होती, आणि खरे सांगायचे तर आमच्या विमानाची वेळ झाल्यामुळे आम्हांलाही होती. नुसता लांबीसारखा मसाला लावून बोल्ट आवळले गेले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे मलेशियाच्या सीमा बंद झाल्या. आम्ही पुन्हा नौकेवर पाऊल ठेवले ते एप्रिल २०२२ मध्ये. मागच्या खोलीच्या छताला तपकिरी डाग होता. वरून हातोडीच्या मुठीने ठोकत गेलो तो टणटण आवाज चौकटीपाशी येऊन एकदम बद्द झाला. दीड वीत जागा भिजली होती.

दलालाचा सल्ला सरळ होता. सर्व्हेअर गिऱ्हाईकाचा असतो, फी तोच देतो, दोष शोधणे त्याचे काम. आपण होऊन बोलू नये. आमच्यात दोन मते पडली. इंजिनियराला दलालाचे पटत होते. दुसरी बाजू म्हणाली, वादळात ती चौकट उखडली आणि खाली कोणाचे मूल झोपलेले असले तर? दोन दिवस आम्ही एकमेकांशी स्वयंपाकापुरतेच बोललो. तिसऱ्या दिवशी इंजिनियरानेच डागाचे फोटो काढले, दुरुस्तीचा अंदाज लेखी मागविला आणि जाहिरातीला जोडला.

पहिले गिऱ्हाईक विसार देण्यापूर्वीच गेले. पुढे चार महिने कोणी फिरकले नाही, आणि रुंद नौकेला धक्क्याचे भाडेही जास्त, ते दरमहा जातच होते. इंजिनियराने या काळात एकदाही ‘मी सांगत होतो’ असे म्हटले नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये एक मध्यमवयीन जोडपे आले. किमतीच्या दशांश विसार ठेवून त्यांनी नौका क्रेनने वर काढविली. त्यांच्या सर्व्हेअरने आम्ही दाखविलेली जागा ओलावामापकाने तपासली, आकडे आमच्याशी जुळले. मग त्याने आम्हांलाही न सुचलेले विचारले : इंजिनाचा पाय जेथून नौकेच्या तळातून खाली जातो, तेथील रबरी पडदा कधी बदलला? हा पडदा फाटला तर नौकेत पाणी शिरते, म्हणून ठरावीक वर्षांनी तो बदलावयाचा असतो. आमच्याकडे त्याचा कागद नव्हता. त्यांनी तो खर्च निम्मा मागितला, डेकच्या दुरुस्तीचा पूर्ण. दोन्ही आम्ही वजा करून दिले. नोंदणी, मूळ विक्रीखत, कराची पावती आणि कर्ज नसल्याचा दाखला एवढे कागद हातोहात देता आले, त्यामुळे पुढे अडले नाही.

शेवटी सामानाची यादी करावयाची असते आणि दोन्ही पक्षांनी तिच्यावर सही करावयाची असते. दलालाच्या लेखनिकाने स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू लिहून घेतली, त्यात आमची नारळ खवण्याची विळीही गेली. ही आजेसासूबाईंची, ती आम्हांला हवी आहे, हे लक्षात आले तोपर्यंत सह्या झाल्या होत्या. मागितली असती तर त्या बाईंनी दिलीही असती. पण हे काय यंत्र आहे, असे त्यांनी कुतूहलाने विचारले, तेव्हा आम्ही जमिनीवर बैठक मारून अर्धा नारळ खवून दाखविला, आणि विळी तेथेच ठेवून धक्क्यावर उतरलो.