घराचं उत्पन्न आणि बाईचं रक्त

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



हातात पैसा असला की माणूस जास्त जगतो, हे वस्तीत काम करणाऱ्या आपल्याला कुणी शिकवायला नको. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब एक टक्का लोकांच्या आयुर्मानात पुरुषांमध्ये सुमारे १५ वर्षांचं आणि बायकांमध्ये १० वर्षांचं अंतर निघालं. पण मला बोलायचंय ते ‘घराचं उत्पन्न’ या शब्दाबद्दल. घराचं म्हणजे नेमकं कुणाचं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी उत्पन्न विचारतच नाही. घरात पंखा आहे का, टीव्ही, स्कूटर, संडास आहे का, जमीन कसली आहे, यावरून घराला गुण मिळतात आणि तेच गुण घरातल्या प्रत्येकाला लागू होतात. म्हणजे नवऱ्याची स्कूटर बायकोच्याही श्रीमंतीत धरली जाते. ती दवाखान्यात पायी का जाईना!

आता त्याच पाहणीतलं रक्ताचं बघा. २०१९-२१ मध्ये देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५७ जणींना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ जणांना. महाराष्ट्रात ५४ आणि २२. यात मापही एक नाही. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३च्या खाली गेलं की रक्तक्षय, बाईचं १२च्या खाली. एवढी सवलत देऊनही ही गत. आणि सगळ्यांत सधन घरांतल्या बायकांतही हे प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. मग नुसत्या गरिबीवर बोट ठेवून कसं चालेल?

पाळी, बाळंतपणं ही कारणं आहेतच. म्हणूनच तर २०२० च्या सरकारी आहार-शिफारशींत बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. जिला दीडपट लागतं, ती सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवते. दुखणं अंगावर काढते, कारण डॉक्टरच्या फीसाठी हात पसरावा लागतो.

२०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेत पैसे बाईच्या खात्यात आले, हे बरं झालं. पण तिथेही अट कुटुंबाच्या अडीच लाख उत्पन्नाची. सधन घरातली, हातात दमडी नसलेली बाई त्यात बसतच नाही.

आपल्या पाहणीच्या फॉर्मात ‘कुटुंबाचं मासिक उत्पन्न’ एवढाच रकाना आहे. त्याखाली आणखी तीन प्रश्न घालू या: न विचारता तुम्ही किती रुपये खर्च करू शकता? काल रात्री कुणानंतर जेवलात, ताटात काय होतं? शेवटचं डॉक्टरकडे कधी गेलात? हे सासू-नवऱ्यासमोर विचारून उपयोग नाही. दुपारी जा, दोघी-दोघी जा.