कसं काढलंस गं?



चौथीत स्कॉलरशिपच्या जादा तासाला मी फळ्यावर ३०२ − १७८ = २७६ लिहिलं होतं. बाईंनी फुली मारण्याआधी विचारलं, "कसं काढलंस गं?" मी म्हटलं, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढले." तुम्ही सगळे हसलात! बाईंनी मात्र काड्यांचा गठ्ठा सोडून हातचा पुन्हा शिकवला.

आज मी शाळकरी मुलांच्या गणित चाचण्यांचं सॉफ्टवेअर लिहिते. चुकीचे पर्याय तिथे उगाच दिलेले नसतात. याच गणितात १२४ बरोबर, २७६ माझ्यासारख्यांसाठी, २३४ हातचा घेऊन तो कमी करायला विसरणाऱ्यांसाठी, ४८० घाईत बेरीज करणाऱ्यांसाठी. प्रश्न आधी काही मुलांना देऊन पाहतात. एकूण गुणांत वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के मुलांची उत्तरं ताडून बघतात. वरचीच मुलं जास्त चुकली, तर दोष बहुधा प्रश्नाचा. तो सुधारतात किंवा गाळतात.

एक कबुली देते. आमच्या पहिल्या निकालपत्रकावर मी फक्त एकूण गुण छापले. कोणी कोणता पर्याय निवडला, ते संगणकातच राहिलं. तपासणी झाली, विचारपूस राहिली. पुढच्या वेळी शिक्षकांसाठी तो तक्ता जोडला.

बाई, तो तक्ता म्हणजे तुमचाच प्रश्न आहे. काड्यांचा गठ्ठा सोडायला मात्र अजूनही बाईच लागतात.