माहितीचा अर्ज आणि गावचे दप्तर



१२ ऑक्टोबर २००५ रोजी माहितीचा अधिकार अधिनियम देशात पूर्णपणे अंमलात आला. त्याखालील पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. अर्जदार होते पत्रकार शाहिद रझा बर्नी. या कायद्याने पत्रकाराला वेगळा हक्क दिलेला नाही. तो माहिती मागतो ती नागरिक या नात्यानेच. शुल्क १० रुपये. कारण सांगण्याचे बंधन नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.

समजा, तालुक्यातील कोरडवाहू गावाला उन्हाळ्यात झालेल्या टँकरपुरवठ्याविषयी एखाद्या पत्रकाराने अर्ज केला. फेऱ्यांची नोंदवही आणि देयके जुळली, तर त्याची बातमी पंचायतीच्याच बाजूने साक्ष देईल. ती जुळली नाहीत, तर कोणत्या वस्तीचे पाणी कोठे मुरले, हे गावाला कळेल. उत्तरच दिले नाही, तर मात्र चोख कारभाराविषयीही संशय बळावेल. शिवाय, वाजवी कारणाविना विलंब करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यास राज्य माहिती आयोग दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो.

अधिनियमाच्या चौथ्या कलमाने १७ बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य कार्यालयांवर सोपविले आहे. टँकरच्या फेऱ्या आणि खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर दर आठवड्याला लागले, तर अर्जाची वाट पाहावी लागणार नाही. त्याची सुरुवात येत्या ग्रामसभेपासून व्हावी.