सागरतळी उतरणाऱ्याचा भार
(किनारपट्टीवरील युवक, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



रापण ओढणाऱ्या गोमंतकीयाला तोलाचे शास्त्र शिकवावे लागत नाही. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगणाऱ्या वस्तू आणि खालच्या दोरीला शिसे बांधले, की जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. श्वसनयंत्र घेऊन सागरतळी उतरणाऱ्या पाणबुड्यालाही हाच न्याय लागू आहे. मात्र त्याच्या बाबतीत तोल चुकला, तर ते जिवावर बेतते. ग्रांदे बेट, तारकर्ली व नेत्राणी येथे स्कूबा व्यवसायात किनाऱ्यावरील तरुण काम करीत आहेत. यास्तव हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

1979 साली उत्तर फ्लोरिडातील जलमग्न गुहांत उतरणाऱ्यांसाठी ग्रेग फ्लॅनगन यांनी बॅकप्लेट तयार केली. ही पाठीवर बसणारी धातूची पट्टी होय. तिला नायलॉनचा अखंड पट्टा असतो, आणि पट्टी व सिलिंडर यांच्यामध्ये हवेची पिशवी असते. तिला विंग म्हणतात. साधारण पोलादी पट्टी पावणेतीन किलोंची, तर अॅल्युमिनियमची सुमारे एक किलोची असते. आर्किमिडीजच्या नियमानुसार पाण्यात पोलादी पट्टीचा भार सव्वादोन किलोंच्या आसपास उरतो. अॅल्युमिनियमचा जेमतेम अर्धा किलो.

म्हणजे पोलादी पट्टी हे स्वतःच एक वजन आहे. साध्या जाकिटासह सहा किलो शिसे बांधणाऱ्याने पोलादी पट्टीबरोबरही तेवढेच बांधणे ही घोडचूक ठरेल; त्याला साडेतीन किलो किंवा त्याहूनही कमी शिसे पुरेल. नेमका आकडा मात्र पाण्यातच ठरवावा लागतो.

त्यासाठी तीन कसोट्या आहेत. पहिली कसोटी बुडीच्या अखेरची. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने भरलेल्या हवेचे वजन सुमारे पावणेतीन किलो असते. ती 50 बारपर्यंत उतरते तेव्हा दोन किलोंचा भार कमी झालेला असतो. अशा वेळी विंग रिकामी ठेवून पाच मीटर खोलीवर स्थिर राहता आले, म्हणजे वजन योग्य.

दुसरी कसोटी आरंभीची. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, रबरी पोशाखातील वायूचे बुडबुडे आकसतात आणि तरंगण्याची शक्ती घटते. सिलिंडर भरलेला असताना विंग फाटली, तर पायांच्या बळावर वर येता आले पाहिजे. अन्यथा काही वजन टाकून देता आले पाहिजे. सर्व भार पट्टीलाच जखडलेला असेल, तर टाकणार काय?

तिसरी कसोटी पृष्ठभागावरची. पाण्यात साहित्य अंगावेगळे केल्यावर ते एकट्या विंगवर तरंगले पाहिजे.

या तिन्ही कसोट्या लक्षात घेता, उष्ण समुद्रात पातळ पोशाख घालणाऱ्याने भाराची वाटणी करावी. पोलादी पट्टीचा भार कायमचा. उरलेल्यापैकी थोडे शिसे सिलिंडरच्या पट्ट्यावरील खिशांत ठेवावे, म्हणजे पाय खाली न लोंबता शरीर आडवे राहते. आणि बाकीचे कमरेला, एका हाताने सोडता येईल असे. कमरेचे शिसे मांड्यांमधून येणाऱ्या पट्ट्याच्या आत अडकू देऊ नये. अडकल्यास ऐनवेळी सोडलेला पट्टा खाली पडतच नाही. अपघातांच्या तपासांत मृत पाणबुड्याच्या अंगावर वजन तसेच बांधलेले वारंवार आढळून आले आहे. वजन सोडण्याचा सराव म्हणूनच उथळ पाण्यात करावयाचा असतो.

गोड्या पाण्यात उतरताना समुद्रातील हिशेब चालत नाही. साहित्यासह शंभर किलो भरणाऱ्या व्यक्तीला तेथे सुमारे अडीच किलो वजन कमी लागते. पोहण्याच्या तलावात शिकून सागरात जाणाऱ्याने आणि सागरातून धरणात उतरणाऱ्यानेही पुन्हा चाचणी घ्यावी.

शिक्षकांना वर्गात आर्किमिडीज शिकविताना हे उदाहरण देता येईल. पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्या तरुणांनी प्रत्येकाचा भार प्रथम उथळ पाण्यात तपासावा. त्याला पाच मिनिटे लागतात. पाच मिनिटांच्या या कामावर कुणाच्या तरी घरचा माणूस सुखरूप परतणे अवलंबून असते, हे सर्वांनी ध्यानी ठेवावे.