खंड कधी पडेल?



मृग लागला की सांगोल्याच्या शिवारात दोन प्रश्न असतात. बाजरी पेरणारा विचारतो, हा पाऊस टिकेल का? मृग बहार धरलेला डाळिंबवाला विचारतो, आभाळ किती दिवस राहील? सलग ओल आणि ढगाळ हवा मिळाली की फळावर तेलकट डाग उठतात, डागापाशी फळ तडकतं आणि तेल्या रोगानं बाग हातची जाते. हंगामात सरासरीच्या किती टक्के पाऊस पडेल, एवढं ऐकून यांपैकी कुणालाच निर्णय घेता येत नाही.

हे नेमकं ओळखलं हवामानशास्त्रज्ञ डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी. जन्म पुण्यातला, १९४४ चा. हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमल्या. १९८० साली डी. आर. सिक्का यांच्याबरोबर उपग्रहाची रोजची छायाचित्रं तपासून त्यांनी दाखवलं की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचे पट्टे उठतात आणि काही आठवड्यांच्या अंतरानं उत्तरेकडे सरकत जमिनीवर येतात. पावसाचा जोर आणि उघडीप यांचा संबंध या ये-जाशी आहे. पुढे कर्नाटकातल्या पावगडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांसोबत बसून, भुईमूग कधी पेरला तर धोका कमी, हे त्यांनी पावसाच्या जुन्या नोंदींवरून शोधलं. शेतकऱ्याला विचारून संशोधनाचा प्रश्न ठरवणं, हे मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या.

त्याच हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पावसाच्या आगमनाचा अंदाज पाठवला होता. तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा होता. गूगलचं ‘न्यूरलजीसीएम’, युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल आणि सव्वाशे वर्षांच्या पावसाच्या नोंदी यांची त्यात सांगड होती. २०२५ चा मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला, पण पुढे सुमारे वीस दिवस अडखळला. हा खंड त्या अंदाजानं आधी सांगितला. पेरणाऱ्याला हवं होतं ते हेच!

बाजरीवाल्याचं काम त्यानं काहीसं भागेल. डाळिंबाचं अजून नाही. या मॉडेलांचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा, आणि आपल्याकडे महूद गावात पडलेला पाऊस कोळे गावात पडेलच असं नाही. आज महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. तिथला पाऊस, आर्द्रता आणि त्या त्या आठवड्यात तेल्या कुठं दिसला, या नोंदी एकत्र ठेवल्या, तर आपल्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला बागेचा अंदाज बांधायला त्या पुरतील. ते काम या मृगापासूनच सुरू करता येईल.