नियमाबाहेरचा लेफ्टनंट

जुन्या फुटबॉलपटूंची नावं घ्या म्हटलं तर आपण पेलेपासून सुरुवात करतो. आज मी त्याच्याही फार आधीच्या एका खेळाडूबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव वॉल्टर टल.

वॉल्टरचा जन्म १८८८ चा, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावचा. वडील सुतार, वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेले. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. आई केंट परगण्यातली गोरी. १८९५ मध्ये आई गेली, दोन वर्षांनी वडीलही गेले. सावत्र आईला एवढी पोरं सांभाळणं झेपेना. वॉल्टर आणि त्याचा भाऊ एडवर्ड यांची रवानगी लंडनमधल्या मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात झाली. पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबानं दत्तक घेतलं आणि तो दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला, छापखान्यातलं काम शिकला.

आणि फुटबॉल खेळू लागला. क्लॅप्टन या हौशी संघातून १९०९ मध्ये तो थेट टॉटनहॅमच्या व्यावसायिक संघात गेला. त्या काळात इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळणारा कृष्णवर्णीय म्हणजे अपूर्वाईच. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांतल्या एका टोळक्यानं त्याच्या रंगावरून इतक्या गलिच्छ शिव्या दिल्या, की एका वार्ताहरानं छापून त्यांचा निषेध केला आणि मैदानावरचा सर्वोत्तम आघाडीवीर वॉल्टरच होता, असंही लिहिलं. पण झालं काय? शिव्या देणारे घरी गेले आणि वॉल्टर थोड्याच दिवसांत राखीव संघात गेला. कारण कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नाही. तशी कारणं लिहून ठेवत नाहीतच म्हणा!

१९११ मध्ये त्याला नॉर्दॅम्प्टनच्या संघानं घेतलं. व्यवस्थापक होते हर्बर्ट चॅपमन, पुढे आर्सेनलला नावारूपाला आणणारे. तिथं तो शंभरावर सामने खेळला.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. डिसेंबरात खास फुटबॉलपटूंची पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी बटालियन. वॉल्टर त्यात भरती झाला आणि सार्जंट झाला. तोफांच्या माऱ्यानं मनावर आघात होऊन १९१६ मध्ये त्याला मायदेशी परतावं लागलं, पण बरा होताच तो पुन्हा सोमच्या रणभूमीवर हजर!

आता गंमत पाहा. अधिकारी व्हायचं तर उमेदवार शुद्ध युरोपीय वंशाचा हवा, असा लष्कराचा नियम होता. आपल्या मराठा पलटणीतल्या सुभेदाराच्या मिशा पिकल्या तरी कालच्या गोऱ्या पोराला त्याला सलाम ठोकावा लागे. लढाऊ पलटणींतल्या मोजक्या भारतीयांना बादशाही कमिशन मिळालं ते १९१७ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात वॉल्टर टल सेकंड लेफ्टनंट झाला. नियम कुणी बदलला नव्हता. वरच्यांनी त्याचं काम पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं, एवढंच.

इटलीत, १९१८ च्या जानेवारीत, पियावे नदीच्या बर्फगार, वेगवान पाण्यातून रात्री सव्वीस शिपाई घेऊन तो शत्रूच्या बाजूला गेला आणि सगळ्यांना सुखरूप परत आणलं. मेजर जनरल लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी वाखाणणी केली. हे सव्वीस जण गोरे होते. काळोखात, पाण्यात, ते त्याच्या मागून चालत गेले.

मार्चमध्ये पलटण फ्रान्सला परतली आणि जर्मनांची मोठी चढाई सुरू झाली. २५ मार्चला फाव्रॉय गावाजवळ माघार घेताना वॉल्टरला गोळी लागली. वय एकोणतीस. त्याचे शिपाई मशीनगनच्या माऱ्यात त्याला ओढून आणायला धडपडले. त्यात लेस्टरचा एक जुना गोलरक्षकही होता, टॉम बिलिंगहॅम. पण त्यांना ते जमलं नाही.

मिलिटरी क्रॉससाठी वॉल्टरची शिफारस झाली होती, असं एका सहकारी अधिकाऱ्यानं एडवर्डला पत्रातून कळवलं. ते पदक त्याला मिळालं नाही. १९९९ मध्ये नॉर्दॅम्प्टनच्या मैदानाशेजारी त्याचं स्मारक उभं राहिलं. देह मात्र कधीच सापडला नाही. अरासच्या स्मारकभिंतीवर, कबर नसलेल्या हजारो सैनिकांच्या यादीत, त्याचं नाव कोरलेलं आहे.