कोडांतील टीप आणि तिची साक्ष

वेंगुर्ल्याच्या दक्षिणेस, गोव्याच्या सीमेलगत, रेडी हें गांव आहे. यशवंतगडाचे पडके बुरूज आणि लोहखनिजाच्या तांबड्या खाणी यांमुळें त्याचें नांव जिल्ह्याबाहेरही ठाऊक असतें. चालुक्यांच्या लेखांत येणारें ‘रेवतीद्वीप’ तें हेंच, असें अभ्यासक मानतात. शके ५३२ च्या एका ताम्रपटांत, या रेवतीद्वीपीं राहून कारभार पाहणाऱ्या इंद्रवर्म्यानें एक गांव दान दिल्याची नोंद आहे. दाता कोण, दान कशाचें, वर्ष कोणतें, हें सारें त्याच धातूवर कोरलेलें आहे. राजवट गेली, दफ्तरें गेलीं. पण पत्रा आपली हकीगत आपणच सांगतो.

संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनींही पुढें हाच मार्ग धरला. प्रोग्राम म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञांची मालिका. तिलाच कोड म्हणतात. त्या आज्ञांच्या ओळींमध्येंच माणसांसाठीं टीप लिहितां येते. यंत्र ती ओलांडून पुढें जातें. पूर्वी प्रोग्रामाची माहिती वेगळ्या पुस्तकांत असे. प्रोग्राम बदले, पुस्तक कपाटांत जसेंच्या तसें राही. डोनाल्ड नूथ या अमेरिकन पंडितानें १९८४ सालीं अशी पद्धत मांडली कीं, मजकूर एकच लिहावा. त्यांतून एका साधनानें यंत्रासाठीं कोड काढावा आणि दुसऱ्यानें माणसासाठीं छापील पानें. जावा भाषेबरोबर ‘जावाडॉक’ आलें, १९९७ मध्यें ‘डॉक्सिजन’ आलें. हीं साधनें कोडांतील टिपा वेंचतात, त्यांची सूची लावतात आणि वाचण्याजोगीं पानें तयार करतात.

येथवर सारें ठीक. परंतु ताम्रपट एकदां कोरला कीं बदलत नाहीं. प्रोग्राम मात्र दर आठवड्यास बदलतो. टीप कोडाच्या शेजारीं असली म्हणजे ती खरी असतेच असें नाहीं. शेजारी राहूनही एकमेकांशीं न बोलणारीं घरें कोणत्या आळींत नसतात?

श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, रेडीसारख्या बंदरांत जहाजावर खनिजाची भुकटी भरण्यापूर्वीं तिचा ओलावा तपासणारा एक प्रोग्राम आहे. हा हिशेब क्षुल्लक नव्हे. भुकटींत पाणी फार असलें तर समुद्राच्या हेलकाव्यांनीं ती चिखलासारखी वाहूं लागते, एका अंगास सरकते आणि जहाज कलंडतें. २००९ च्या जुलैंत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरांत पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’ हीं लोहखनिजाच्या भुकटीनें भरलेलीं जहाजें बुडालीं. म्हणून प्रत्येक मालाच्या ओलाव्याची मर्यादा आधीं प्रयोगानें ठरवावी लागते आणि माल त्या मर्यादेच्या आंत असावा लागतो.

आतां आपल्या काल्पनिक प्रोग्रामांत टीप अशी आहे: ‘ओलावा अपूर्णांकांत द्यावा.’ म्हणजे साडेनऊ टक्के असल्यास ०.०९५. टीप लिहिली तेव्हां ती खरी होती. पुढें कोणीतरी सोयीसाठीं कोड बदलून तो टक्क्यांत मोजूं लागला. मर्यादेच्या कोष्टकांतही ९ हा आंकडा आला. टिपेकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. साधनानें ती जुनी टीप उचलली, सुबक अक्षरांत छापली, सूचींत योग्य जागीं बसविली. नवा कारकून विश्वासानें ०.०९५ लिहितो. प्रोग्राम पाहतो कीं ०.०९५ हें ९ हून पुष्कळच कमी आहे, आणि सांगतो: माल भरावा.

येथें साधनानें काय करावयास हवें होतें? पानाचा रंग बदलून कांहींच साधलें नसतें. उपाय निराळा आहे व तो उपलब्धही आहे. टिपेंत नुसतें विधान न ठेवतां उदाहरण ठेवावें: ‘०.०९५ दिलें असतां उत्तर येतें: भरूं नये.’ आणि पानें तयार करण्यापूर्वीं साधनानें तें उदाहरण खरोखर चालवून पाहावें. पायथन भाषेंत ‘डॉकटेस्ट’ या नांवानें ही सोय २००१ पासून भाषेबरोबरच मिळते. रस्ट भाषेचें पानें काढणारें साधनही टिपांतील उदाहरणें चालवून पाहूं शकतें. कोड बदलला, उत्तर ‘भरावा’ आलें, कीं टीप खोटी ठरते आणि बदल करणाऱ्यालाच त्याच दिवशीं थांबावें लागतें.

दुसरा दोष पोकळ टिपांचा. पुष्कळ ठिकाणीं प्रत्येक कार्यास टीप हवी असा दंडक असतो. मग ‘ओलावा तपासतो’ या नांवाखालीं ‘हें ओलावा तपासतें’ एवढेंच लिहिलें जातें, आणि साधन ‘टीप आहे’ म्हणून समाधान मानतें. नांवाचीच पुनरुक्ति करणारी टीप साधनानें रिकामी समजून परत करावी. परिमाण, मर्यादा आणि चुकीची संख्या आल्यास काय घडतें, एवढें तरी तिनें मागावें.

यापुढें मात्र साधनाचा हात पोंचत नाहीं. उदाहरण चालतें कीं नाहीं हें यंत्र सांगेल. नियम कां घातला, हें सांगणार नाहीं. पावसाळ्यांत उघड्यावर पडलेल्या ढिगाचा नमुना वरूनच घेतला तर तो ऊन पडतांच कोरडा दिसतो आणि आंतला माल ओलाच असतो, म्हणून नमुना आंतून घ्यावा, हें वाक्य माणसालाच लिहावें लागतें. तें लिहिणाऱ्यानें एकदां धक्क्यावर जाऊन तो तांबडा ढीग हातानें उकरून पाहिलेला असला तर फारच उत्तम.